ताईच्या गाडीतला मुका स्टिरिओ

चाळीस वर्षं मी गाड्यांचं वायरिंग केलं. लोकांनी माझं नाव 'करंट' पाडलं ते काही उगाच नाही. एका डॉक्टरांच्या गाडीत मी रेडिओ बसवून दिला होता, तो इतका साफ लागायचा की त्याच्यावर उद्याच्या बातम्या आजच ऐकू यायच्या. डॉक्टरांनी शेवटी तो काढून टाकला. म्हणाले, पेशंटचं पुढे काय होणार ते आधीच कळतं, मग तपासण्यात मन लागत नाही. एका ट्रकचं सगळं वायरिंग तर मी डोळ्यांवर पट्टी बांधून केलं होतं. खोटं वाटत असेल तर त्या ट्रकला विचारा. पट्टी बांधल्याने माझं फारसं काही अडत का नव्हतं, हे मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. तेही सांगतो, पण आधी स्टिरिओ.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला ताईचा फोन आला.

"छोट्या, तुझा डबा मुका झालाय."

मी पासष्टचा, ती अडुसष्टची. माझं छोटेपण काही सुटत नाही.

"कुठला डबा?"

"काल बसवलास तो. काल चांगला गळा काढत होता, आज दारातूनच हात घालून किल्ली फिरवली तर हूं नाही की चूं नाही. आणि तीन वाजता माझी टेस्ट आहे. आहे ना लक्षात?"

लक्षात नसायला काय झालं? ताईची ही ड्रायव्हिंगची सातवी टेस्ट. सहा वेळा ती नापास झाली होती आणि तिचं शिकाऊ लायसन्स त्याच दिवशी संपत होतं. पुन्हा नापास झाली असती तर पुन्हा लेखी परीक्षेपासून सुरुवात, म्हणजे तीन महिने गेले. तीन महिने तिच्याकडे नव्हते. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. पाळी सकाळी सहाची आणि हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांच्या भागात त्या वेळी भाड्याची गाडी मिळत नाही. परत येताना भाऊजी इतके पिळून निघालेले असतात की बसथांब्यावर उभं राहणंही जमत नाही. दोन वर्षं त्यांना वरच्या मजल्यावरचे मास्तर आपल्या गाडीतून नेत-आणत होते. ते येत्या रविवारी घर रिकामं करून लेकीकडे कायमचे निघाले होते. सोमवारी पहाटे भाऊजींना नेणारं घरात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाकडे लायसन्स नव्हतं. मी स्वतः गाडी चालवत नाही, त्याचं कारणही पुढे येईल.

बाई गाडी वाईट चालवत नव्हती, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. वळण छान घ्यायची, गिअर लोण्यासारखा टाकायची. पण सहाच्या सहा कागदांवर परीक्षकाने एकच शेरा मारला होता: 'पाय ब्रेकवरून उचलत नाहीत.' रस्ता मोकळा असो, चढ असो, की गाडी नुसती दारात उभी असो, ताईचा पाय ब्रेकवर. दोन वर्षांपूर्वी, ती नुकतीच शिकू लागली होती तेव्हा, एका चौकात एक ट्रक आमच्या अंगावर येता येता राहिला, तेव्हापासूनची ही खोड. शेजारी मीच होतो. त्या ट्रकची हकिगतही सांगायचीच आहे, पण तिला थोडं थांबू द्या.

तर तिच्या पायावर उपाय म्हणून मी स्वतःहून तो स्टिरिओ आणला होता. गाणं लागलं की माणसाचा पाय सैल पडतो, हा माझा स्वतःचा शोध. ताईला सांगितलं, "उद्या टेस्टला जाताना मंद आवाजात गाणं लाव. बघ कशी तरंगत जाशील."

पोचलो तेव्हा एक वाजला होता. गाडी इमारतीच्या मागच्या फरशीवर उभी. तिच्या मागे, भिंतीच्या सावलीत, भाऊजी खुर्ची टाकून पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. डाव्या हाताला पट्टी, मांडीवर पेन.

"आले करंट," ते म्हणाले. "मी काही बोलत नाही."

"बोलू नकाच," ताई म्हणाली. टेस्टसाठी इस्त्रीचे कपडे घालून ती दारात उभी होती आणि दर दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळात बघत होती. "अडीचच्या आत निघायला हवं. तुझं होत नसेल तर सोड तो डबा. गाणं नको मला."

आता सांगा, चाळीस वर्षांचा कारागीर हे ऐकून घेईल? मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, किल्ली फिरवली. स्टिरिओचा पडदा काळा ठिक्कर. फ्यूज काढून बघितला, तो धडधाकट. अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडून पुन्हा आवळला, ढिम्म. मग पिवळी वायर, जिच्यात करंट कायम असतो, तिला टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला चिमटा, मध्ये इवलासा दिवा. वायरीत करंट असला की दिवा लागतो. माझा सगळा धंदा त्या दिव्यावर उभा होता. दिवा लागला. म्हणजे पिवळी ठीक.

"ताई, जरा तू बस आत," मी म्हणालो. "मी बाहेरून मागची बाजू बघतो."

ती बसली मात्र, आणि स्टिरिओने असा काही सूर लावला की भाऊजींच्या हातातलं पेन पडलं.

"बघ! झालं की नाही?" मी म्हणालो. "हात लागायचा अवकाश!"

ताई खूश होऊन उतरली. स्टिरिओ बंद. मी बसलो, बंद. मी डॅशबोर्डवर एक चापट मारली, तरी बंद. ती पुन्हा बसली. गाणं सुरू, तेही जिथे तुटलं होतं त्याच्या पुढच्या कडव्यापासून.

"माझ्यावर जीव जडलाय त्याचा," ताई म्हणाली.

"वजनाचा प्रश्न आहे," मी ठासून सांगितलं. "तू बसलीस की सीट दबते आणि खालची वायर ताणून जोड बसतो. माझं वजन कमी पडतं."

"म्हणजे मी जाड?"

"मी शास्त्र सांगतोय!"

शास्त्राच्या खात्रीसाठी मी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसलो. मग पेटीवर मास्तरांची जुनी बॅटरी ठेवली. मग ताईला म्हटलं, पेटीवर तूच बस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं शास्त्र गिळलं. दीड वाजून गेला होता. घामाने टेप बोटांना चिकटत होती. डॅशबोर्डच्या पोटात स्टिरिओच्या शेजारून घड्याळाची वायर जात होती, तिच्यातही करंट कायम, तिच्यावर माझा संशय बसला. तीच करंट पळवत असणार. घेतली पक्कड आणि टाकली कापून. डॅशबोर्डवरचं घड्याळ एक पन्नासला थांबलं. स्टिरिओ होता तसाच.

"आता घड्याळही मेलं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तीच काळजीची गोष्ट होती. "छोट्या, माझी गाडी मला परत दे."

तेवढ्यात मागून भाऊजींनी घसा साफ केला.

"मी बोलणार नव्हतो," ते म्हणाले. "पण कोडं अडलंय म्हणून उगाच बघत बसलो होतो. तुझा तो स्टिरिओ जेव्हा जेव्हा गातो ना, तेव्हा गाडीचे मागचे ब्रेकलाइट लागतात. गाणं थांबलं की विझतात."

सगळं एका झटक्यात उलगडलं. आदल्या दिवशी मी शेजारच्या जागेवर उताणा पडून डॅशबोर्डखाली डोकं घातलं होतं आणि सुई टोचून किल्लीबरोबर जिवंत होणारी वायर शोधत होतो. त्याच वेळी ताई ड्रायव्हरच्या जागेवर बसून सराव करत होती. "क्लच, गिअर, ब्रेक," असं तोंडाने म्हणत होती आणि तिचा पाय नेहमीसारखा ब्रेकवर होता. माझी सुई ब्रेकलाइटच्या वायरीत घुसली. पाय दाबलेला, म्हणून वायरीत करंट. दिवा लागला, मी म्हटलं सापडली, आणि स्टिरिओ दिला तिला जोडून. तेव्हापासून तो बिचारा ताईच्या पायाच्या तालावर जगत होता. आज तो माझ्या हाताला दाद देत नव्हता, कारण मी शहाण्यासारखा पाय खाली ठेवून बसत होतो.

"सोपं आहे!" मी ओरडलो आणि डोकं आत घालून कालचा जोड ओढला. इथे घाई नडली. सुई टोचताना आणि सोलताना ती वायर मी अर्धी कापली होती. ती 'टप्प' करून तुटली. मी दचकून सरकलो तर गुडघ्याखाली काहीतरी कुरकुरलं.

टेस्ट लॅम्प. दिव्याचा चुरा झाला होता.

"ब्रेक दाब," मी ताईला म्हणालो. तिने दाबला.

"नाही लागत," भाऊजी मागून म्हणाले.

टेस्टच्या आधी परीक्षक गाडीभोवती एक फेरी मारतो. पुढचे दिवे, मागचे दिवे, इंडिकेटर, ब्रेक. एक जरी लागला नाही तरी गाडी मैदानाबाहेर आणि माणूस नापास. हे ताईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि भाऊजींनाही, कारण त्यांनी पेपर घडी घालून ठेवला.

डॅशबोर्डखाली आता चार टोकं लोंबत होती. दोन घड्याळाच्या वायरीची, दोन ब्रेकलाइटची. जाडी एकच. घरी जाऊन नवा दिवा आणायचा तर जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. ताईच्या मनगटावर दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी चारही टोकं बोटांनी चाचपली, एक तर दाताखालीही धरून पाहिलं. मग त्यातली दोन उचलली, मनात कुणाकुणाला हात जोडले आणि टोकं एकमेकांना पिळली.

"लागले!" भाऊजी म्हणाले.

"बघ!" मी म्हणालो.

"पाय काढ गं," भाऊजी म्हणाले. "काढलास? पूर्ण? मग हे विझत का नाहीत?"

ताई उतरली. मोडक्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि तिने डॅशबोर्डखाली पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे.

"ही लाल आहे," ती म्हणाली. "आणि ही हिरवी. तू लाल आणि हिरवी जोडलीस. दोन हिरव्या या अशा समोर लोंबतायत आणि तू त्यातली एक घेऊन लालला बांधतोस? डोळे फुटले का तुझे?"

माझ्याकडे त्या वेळी तीन गोष्टी तयार होत्या. एक परदेशी पद्धतीची, एक उलट्या करंटची, आणि एक अशी की ती ऐकून परीक्षकानेही माफ केलं असतं. तोंड उघडलं. पण भाऊजी खुर्चीवरून उठून गाडीला धरत धरत पुढे येत होते. चार पावलं चालायला त्यांना मध्ये एकदा थांबावं लागलं. ते बघितलं आणि तिन्ही गोष्टी घशातच विरघळल्या.

"मला दिसत नाही," मी म्हणालो.

"चष्मा लाव मग."

"चष्म्याने होत नाही. लाल आणि हिरवा. मला दोन्ही सारखेच दिसतात, चिखलासारखे. लहानपणापासून."

भाऊजी दाराशी येऊन पोचले.

"चाळीस वर्षं?" ताईने विचारलं.

"टेस्ट लॅम्प होता ना. तो विचारायचा, वायर सांगायची. पिवळी नि निळी मला कळतात. गॅरेजवाल्या उस्तादाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. मग सांगायचं राहूनच गेलं."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता वायरीबद्दल बोलेल. पण ती माझी ताई होती. तिचं डोकं वायरीवर थांबलंच नव्हतं, ते थेट दोन वर्षं मागे गेलं होतं.

"त्या दिवशी चौकात," ती सावकाश म्हणाली, "ऊन माझ्या डोळ्यांवर होतं. मी तुला विचारलं, सुटला का रे सिग्नल? तू म्हणालास, सुटला, जा."

"हो."

"तुला कसं कळलं सुटला ते?"

"वरचा दिवा लाल असतो, खालचा हिरवा. मी जागा बघून ओळखतो."

"आणि त्या चौकातला सिग्नल?"

"आडवा होता," मी म्हणालो.

भाऊजींनी गाडीच्या दाराला घट्ट धरलं. हसू दाबायला की राग, ते मला आजही सांगता येत नाही.

"आणि ट्रक गेल्यावर तू मला काय सांगितलंस?" ताई म्हणाली. "म्हणालास, तूच उशीर केलास. तुझे पाय मंदावले, तोवर लाल झाला. दोन वर्षं, छोट्या! दोन वर्षं मी रोज सकाळी उठून पाय हलवून बघते. वाटायचं, संपलं, म्हातारी झाले, वेळेवर ब्रेक लागणार नाही. म्हणून आधीच ठेवते. सहा वेळा नापास झाले मी त्या पायापायी."

मी मान खाली घातली.

"मारामारी सोमवारनंतर करा," भाऊजी म्हणाले. "दोन वाजून बारा मिनिटं झालीत."

ताईने पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी फरशीवर बसली. डोकं आत घातलं. तिचा हात बाहेर आला, बोटांत एक टोक.

"ही हिरवी. धर. सोडू नकोस. ही दुसरी हिरवी. घे. आता या लाल राहिल्या, त्यांचं तोंड बांध, घड्याळ नको मला. पुन्हा निसटली बघ तुझ्या हातून."

"उपास आहे."

"खोटारड्या."

मी टोकं सोलली, पिळली, टेप गुंडाळली. स्टिरिओची वायरही टेपने बंद केली आणि आत सारून दिली. ताई बसली. भाऊजी मागे गेले.

"लागले," ते म्हणाले. "विझले. लागले. विझले." जरा थांबून, "पुन्हा एकदा, माझ्या समाधानासाठी. लागले."

अडीचला पाच कमी असताना तिघेही निघालो, भाऊजी मागच्या सीटवर. शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाला लागतो. चालवत नसलो तरी माझ्याकडे लायसन्स आहे. ते कसं मिळालं ही गोष्ट मी आज सांगणार नाही.

"एक शब्द काढायचा नाही," ताई किल्ली फिरवताना म्हणाली. "सिग्नलबद्दल तर श्वाससुद्धा नाही."

वाटेत गाडी पूर्वीसारखीच आचके देत चालली. पाय ब्रेकवर होता. मी खिडकीबाहेर बघत बसलो. माझा कबुलीजबाब फुकट गेला, असं वाटत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तो घाईचा पिळलेला जोड. प्रत्येक धक्क्याला मला तो आत सैल होताना दिसत होता.

टेस्टच्या मैदानाला एक लोखंडी फाटक आहे, आणि फाटकासमोरून सरळ रस्ता जातो. त्याच्या टोकाला सिग्नल. परीक्षक म्हणजे हातात पाटी धरलेला एक उंच, कंटाळलेला माणूस. त्याने ताईला ओळखलं.

"पुन्हा?" तो म्हणाला.

"शेवटचं," ताई म्हणाली.

तो गाडीभोवती फिरला. पुढचे, मागचे, इंडिकेटर. "ब्रेक," म्हणाला. मागचे दोन्ही दिवे लागले. त्याने पाटीवर खूण केली आणि दार उघडून तिच्या शेजारी जाऊन बसला. मी आणि भाऊजी फाटकाशी बाकावर बसलो.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि सरळ रस्त्याला लागली. लाल मला दिसत नसला तरी दिवा पेटला की उजेड दिसतो. मी त्या दोन दिव्यांवर नजर रोखली. उजेड नव्हता.

"दिवे लागत नाहीयेत रे," भाऊजी हळूच म्हणाले.

"बघतोय."

"ती तर सतत दाबते. मग लागायला हवेत ना?"

हवेच होते. सहाही टेस्टला ते दिवे फाटकापासून सिग्नलपर्यंत अखंड पेटलेले मी पाहिले होते. आज दोन्ही काळे. मला डोळ्यांसमोर तो जोड दिसला, सुटलेला, वायर लोंबणारी, आणि परीक्षक आरशात मागच्या गाडीचा गोंधळ बघून पाटीवर लिहिणारा. सुटलं होतं ते माझ्या हातचं, की तिचा पाय? दोन्हींचं लक्षण एकच होतं. आयुष्यभर लोकांना न घडलेलं घडवून सांगितलं, आणि इथे समोर घडत होतं ते मला वाचता येत नव्हतं. उठून धावावंसं वाटलं. कुठे, ते माहीत नव्हतं.

गाडी आचके देत नव्हती, हे मात्र माझ्या उशिरा लक्षात आलं.

"सिग्नल काय आहे?" मी विचारलं.

"हिरवा," भाऊजी म्हणाले. त्यांच्या पट्टीच्या हाताची बोटं माझ्या मनगटावर आली. "पिवळा. लाल झाला."

गाडी रेघेपासून तीस हातांवर. वीस. दिवे काळेच. भाऊजींची बोटं रुतली. पंधरा.

मग ते लागले. दोन्ही एकदम, लख्ख, दिवसाउजेडी. गाडी सावकाश, अजिबात न दचकता, रेघेवर येऊन उभी राहिली.

"लागले," भाऊजी म्हणाले, जणू मला दिसलेच नव्हते.

आम्ही दोघे म्हातारे त्या बाकावर बसून दोन दिव्यांकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने ते विझले.

"हिरवा झाला," भाऊजी म्हणाले. गाडी पुढे निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली. दिवे काळे ठेवून.

सोमवारी पहाटे साडेपाचला ती भाऊजींना घेऊन निघाली तेव्हा मी मागच्या सीटवर होतो. पुढे बसायची मला बंदी आहे. स्टिरिओ त्यानंतरच्या रविवारी जोडला. ताई डॅशबोर्डखाली डोकं घालून रंग सांगत होती, भाऊजी मागे खुर्ची टाकून दिव्यांवर नजर ठेवून होते, आणि ड्रायव्हरच्या जागेवर मी बसलो होतो, दोन्ही पाय दाराबाहेर फरशीवर टेकवून. तशी ताईची ऑर्डरच होती.